‘मी’ अंगात कुठे बसतो? नवख्यांसाठी तपासणीची रीत

आपल्याकडे या प्रश्नाची खरी अडचण म्हणजे उत्तर आधीच तोंडपाठ असतं. कीर्तन, प्रवचन, आजीची जपमाळ, कुठून ना कुठून ‘देह म्हणजे मी नव्हे’ हे लहानपणीच कानावर पडलेलं असतं. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला तर ते चुकवताच येत नाही. त्यामुळे ‘मी कोण?’ असं विचारलं की माणूस बघत नाही, म्हणून दाखवतो. इथे म्हणून दाखवायचं काही नाही. अंगाला या मिनिटाला काय लागतंय ते बघायचं आणि आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तो त्यात कुठे सापडतो का, हे तपासायचं. जाणतं गिऱ्हाईक टॉवेल घेताना लेबल वाचत बसत नाही, दोन बोटांत कापड चोळून बघतं. काम त्याच जातीचं आहे.

रोज २० मिनिटं, चार आठवडे. सामान म्हणजे दोन चादरी, एक वही, मोबाइलचा टायमर. मन शांत व्हावं हा इथला हेतू नाही. झालं तर झालं, नाही झालं तरी काम अडत नाही.

कोणी करू नये

पूर्वी कधी भास झाले असतील, बायपोलरचे उपचार चालू असतील, अलीकडे मोठा आघात झाला असेल, किंवा ‘मी खराच नाही’, ‘सगळं काचेपलीकडे चाललंय’ असं अधूनमधून आपोआप वाटत असेल, तर हे एकट्याने सुरू करू नका. आधी डॉक्टरांशी बोला. इथे ‘मी’ची पकड जाणूनबुजून सैल करून पाहायची आहे, ज्याची ती आधीच सैल आहे त्याला नेमकी उलटी गरज असते.

दुसरी सूचना शुगर असणाऱ्यांना. जुन्या मधुमेहात तळपायाच्या नसा मंदावतात. तळपायात काहीच जाणवत नसेल तर ती साधनेची प्रगती समजू नका, पाय तपासून घ्या.

बैठक

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपार या कामाची नाही. पहाटे साडेपाच-सहाची वेळ धरा. मार्च ते मे गच्ची उत्तम. घरात बसणार असाल तर पंख्याचा झोत थेट अंगावर नको. वारा कातडीवर सतत फिरत राहिला की बारीक संवेदना त्याच्याखाली झाकल्या जातात. उकाडा सहन होत नसेल तर टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावा. जेवणानंतर दोन तास बसू नका, झोप लागेल.

दोन जाड सोलापुरी चादरी घडी करून एकावर एक ठेवा. बुडाखाली साधारण चार बोटं उंची हवी. घडीच्या पुढच्या कडेवर बसा म्हणजे गुडघे कमरेच्या खाली जातात आणि पाठीला कष्ट पडत नाहीत. मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या: पाठ न टेकता, दोन्ही तळपाय जमिनीला. पद्मासनाचा हट्ट नको. गुडघा धरला की पुढचे आठ दिवस फुकट. पायाला मुंग्या आल्या तर घाबरायचं कारण नाही, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबलेली असते. पण टायमर वाजल्यावर झटकन उठू नका, बधिर पायावर घोटा मुरगळतो.

आवाज बंद होण्याची वाट बघू नका. पूर्व भागात राहणाऱ्यांना यंत्रमागाची खटखट, स्टेशनकडे राहणाऱ्यांना गाडीची शिट्टी, मंदिराशेजारच्यांना घंटा. आवाज कानावर पडतो तीही संवेदनाच आहे, तिचाही उपयोग पुढे करायचा आहे.

पहिला आठवडा: गठ्ठा सोडवणं

दहा मिनिटं बसलात की गुडघा बोलायला लागतो. ‘गुडघा दुखतोय’ असं आपण म्हणतो तेव्हा एकाच वाक्यात चार गोष्टी बांधलेल्या असतात: खरोखर लागणारं काहीतरी, गुडघ्याचं डोळ्यांपुढे येणारं चित्र, ‘दुखणं’ हे नाव, आणि ‘माझा’. पहिल्या आठवड्यात यातली फक्त पहिली गोष्ट वेगळी काढायला शिकायचं. बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

प्रत्येक संवेदनेला चार प्रश्न विचारा. नेमकी कुठे? केवढी: रुपयाएवढी, तळहाताएवढी? कशी? आणि दहा श्वासांत ती तशीच राहते की बदलते? गुडघ्याचंच घ्या. चित्र बाजूला सारून पाहिलं तर वाटीच्या आतल्या बाजूला सुपारीएवढा घट्टपणा सापडतो, त्याच्या खालून एक उष्ण पट्टा, आणि त्या दोन्हींपासून वेगळा, पोटात, ‘आता उठावं’ असा एक ओढा. हा पोटातला ओढा लोकांच्या लक्षातच येत नाही. आणि खरं तर उठायला भाग पाडतो तोच, गुडघा नव्हे.

‘कशी’ या प्रश्नाला मराठीइतका शब्दांचा साठा सहज मिळत नाही, तो वापरा. ठणका ठोक्याठोक्याने येतो आणि मध्ये ओसरतो. नाडीशी जुळवून पाहा, बरेचदा जुळतो. कळ उसळून चढते, टोकाला पोचते, उतरते. रग एकाच ठेवणीत धरलेल्या स्नायूची. ती चढत जाते आणि जागा बदलली की थोड्याच वेळात उतरते. चमक क्षणाची. भगभग पसरट आणि उष्ण, तिला कड नसते. सल एका बिंदूत रुतलेला. हुळहुळणं कातडीच्या अगदी वरच्या थरात, शिरशिरी पाठीवरून किंवा दंडावरून सरकणारी. शिवाय चुरचुर, ठुसठुस, मुंग्या, कापरं, दडपण, घालमेल आहेतच. ‘दुखतंय’ लिहिलं की तपास संपतो, ‘ठुसठुस, नखाएवढी, दर सेकंदाला कमी-जास्त’ लिहिलं की सुरू होतो. एक पथ्य मात्र पाळा: ‘एनर्जी’ आणि ‘व्हायब्रेशन’ हे शब्द वहीत येऊ देऊ नका. ती संवेदनांची नावं नाहीत, त्यांच्याबद्दल काढलेले निष्कर्ष आहेत.

बुद्धांच्या शिकवणीतला ‘वेदना’ हा शब्द वाचलेल्यांची इथे गल्लत होते. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत सुखद, दुःखद आणि धड ना सुखद ना दुःखद, अशी कुठलीही जाणीव वेदनाच. तुमच्या तपासणीत तिसऱ्या प्रकाराचा वाटा सगळ्यांत मोठा निघेल: दंडावर टेकलेली बाही, दातांमागे टेकलेली जीभ. कंटाळवाण्या असतात म्हणून त्या सुटतात. रोजच्या २० मिनिटांतली पाच मिनिटं मुद्दाम त्यांच्यासाठी ठेवा.

दुसरा आठवडा: कड शोधणं

शहाबादी फरशी असेल तर उत्तम, नसेल तर कुठलीही थंड, गुळगुळीत नसलेली जमीन. मांडी घालून बसा, उजवा तळहात शेजारी फरशीवर नुसता ठेवा. दाबायचं नाही. डोळे मिटा.

सुरुवातीला गारवा लागतो. मग दाब कळतो: बोटांच्या पेरांखाली, अंगठ्याच्या उशीखाली, करंगळीच्या कडेला. तळहाताचा मधला खळगा टेकतच नाही, तिथे नुसती हवेची ऊब. पेरांखाली दगडाचा खरखरीत कण एखादा. आता प्रश्न: हात कुठे संपला आणि फरशी कुठे सुरू झाली? नियम एकच, उत्तर संवेदनेत द्यायचं, चित्रात नाही. पहिला मिनिटभर डोळ्यांपुढे हाताचं चित्र येत राहील, पाच बोटांचं, वरून पाहिल्यासारखं. येऊ द्या, पण त्याला साक्षीदार म्हणून उभं करू नका; मिटलेल्या डोळ्यांना हात दिसत नाही.

दोन-तीन मिनिटांत गारवा विरतो. हाताखालचा दगड कोमट होतो, आणि कातडीतल्या ग्राहक (संवेदना टिपणाऱ्या) पेशी न बदलणाऱ्या स्पर्शाची बातमी देणं कमी करतात; अंगातला सदरा दिवसभर जाणवत नाही तो त्याचमुळे. उरतो तो दाबाचा एक विस्कळीत डाग. त्या डागातला अमुक भाग ‘हात’ आणि तमुक ‘फरशी’ अशी खूण कुठेच नसते. मग तर्जनी अर्धा सेंटिमीटर सरकवा. कड परत हजर! हे परत येणंच नीट बघण्यासारखं आहे. फरक पडला की कड उमटते, फरक थांबला की पुसट होते. एका बैठकीत हे पाच-सहा वेळा करा.

चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते. कड लवकर विरावी म्हणून माणूस हात दाबून धरतो. तसं केलं तर रक्तपुरवठा कमी होऊन हात नुसता बधिर होतो आणि बधिरपणालाच अनुभव समजलं जातं. ओळखायची खूण: बधिर हातात संवेदना कमी झालेल्या असतात. कड विरते तेव्हा दाब लागतच असतो, फक्त वाटणी नसते.

हीच कड बाहेरही सरकते. छत्रीच्या टोकाने फरशी खरवडा: खरखर मुठीत जाणवते की टोकाला? टोकाला. तिथे तर नस नाही. स्कूटरचं मागचं चाक होटगी रोडवरच्या खड्ड्यात गेलं की ‘मी आपटलो’ म्हणतो, ‘चाक आपटलं’ म्हणत नाही. आपल्या अंगाची हद्द सकाळपासून रात्रीपर्यंत किती वेळा मागेपुढे होते ते एक दिवस मोजून पाहा.

घरातल्या कोणाला तरी बसवून करायचे प्रयोग

याच आठवड्यात एका संध्याकाळी भाऊ, बायको, मुलगी, जो तयार होईल त्याला घ्या. तीन प्रयोग, अर्धा तास.

पहिला, दोन काड्यांचा. आगपेटीच्या दोन काड्या गुल नसलेल्या टोकांनी, एकाच वेळी, हलक्या टेकवायच्या. डोळे मिटलेल्याने एक लागली की दोन ते सांगायचं. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरही दोन कळतात. पाठीवर मात्र साधारण चार सेंटिमीटरपर्यंत एकच वाटते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ साली हे मोजून ठेवलं. तात्पर्य तुमच्या कामापुरतं: ‘माझी पाठ’ म्हणून जी अखंड, भरीव वस्तू वाटते तिची बातमी इतकी विरळ आहे. मधली जागा मेंदू भरतो.

दुसरा, हरभऱ्याचा. मधलं बोट तर्जनीवर चढवून आढी घाला, आढीच्या बेचक्यात एक हरभरा धरून ताटात फिरवा, डोळे मिटून. दोन हरभरे लागतील. अॅरिस्टॉटलने ही गंमत नोंदवली आहे. एक आहे हे माहीत असूनही दोन लागतात, म्हणजे माहिती आणि संवेदना या दोन वेगळ्या वाटा आहेत.

तिसऱ्याला थोडी तयारी लागते. भांडी घासायचा रबरी हातमोजा कापसाने भरून टेबलावर ठेवा. तुमचा खरा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर, मध्ये पुठ्ठा उभा करून, तुम्हाला दिसणार नाही असा. समोरच्याने दोन सारखे ब्रश घेऊन मोज्याचं आणि खऱ्या हाताचं तेच बोट, त्याच क्षणी, त्याच दिशेने हळूहळू झाडायचं. तुम्ही फक्त मोज्याकडे बघायचं. दोन-तीन मिनिटांत अनेकांना ब्रश मोज्यावरच लागतोय असं वाटू लागतं. बॉटविनिक आणि कोहेन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. फसण्याचं कारण बहुतेक ताल: दोन ब्रशांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी जमत नाही. काहींना काही केल्या होत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. ज्यांना होतं त्यांना ‘माझा हात’ हे वाटणं किती थोड्या सामानावर उभं राहतं ते एकदाच आणि कायमचं कळतं.

तिसरा आठवडा: ‘मी’चा पत्ता

आता मूळ काम. पहिली दहा मिनिटं नेहमीप्रमाणे संवेदना बघण्यात घालवा. मग मनात, ओठ न हलवता, स्वतःचं नाव एकदा घ्या. घरात ज्या नावाने हाक मारतात ते घ्या, आधार कार्डावरचं नको. आणि अंगात काय हलतं ते बघा.

बहुतेकांना काहीतरी हलतं. डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या मध्यावर एक गोळा झाल्यासारखं. घशाशी किंचित आवळ. छातीच्या मध्यावर दाब. जबडा नकळत मिटणं. ज्या जागेला ‘इथे मी’ असं वाटतं तिथे थांबा आणि पहिल्या आठवड्यातले चार प्रश्न विचारा. कुठे, केवढं, कसं, बदलतंय का. डोळ्यांमागचं बघितलं तर ते बहुधा स्नायूंचा ताण निघतं: मिटलेल्या पापण्यांआडही डोळे ‘बघायचा’ प्रयत्न करत असतात, भुवया किंचित ओढलेल्या असतात. भुवया सैल सोडा. ‘मी’ची ती जागा पातळ होते.

इथे नेमका प्रश्न विचारायचा: हा ताण मला कळतोय; मग ज्याला कळतोय तो कुठे आहे? उत्तर लगेच येतं: थोडा मागे, डोक्याच्या मागच्या बाजूला. ठीक. तिथे जा. तिथे काय सापडतं? पुन्हा एक संवेदना, नाहीतर डोक्याच्या मागच्या बाजूचं चित्र, नाहीतर ‘इथे आहे मी’ हा विचार. चौथं काही सापडतं का? सापडलं तर वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी तेही याच तीन कप्प्यांत बसतं का ते बघा.

पाच मिनिटं, जास्त नाही. पाठलाग करत बसलात तर डोकं जड होतं आणि कपाळात ताण वाढतो, आणि तोच ताण पुन्हा ‘मी’ म्हणून मिरवतो. टायमरची घंटा झाली की प्रश्न तिथेच टाकून द्यायचा. दिवसभर तो मनात घोळवायचा नाही.

एक बारीक प्रयोग याच आठवड्यासाठी. डावा तळहात उजव्याने धरा. कोण कोणाला शिवतंय? लक्ष उजव्याकडे नेलं की उजवा शिवणारा, डावा शिवलेला. लक्ष बदललं की उलट. संवेदना दोन्ही वेळा त्याच. बदललं ते फक्त मालकीचं पद.

आणि आवाज. मागाची खटखट किंवा रिक्षाचा हॉर्न ऐकताना ‘तो तिकडे’ आणि ‘ऐकणारा मी इकडे’ यांच्यामधलं अंतर संवेदनेत शोधा. मिनिटभर पुरे.

करणारा कोण?

तर्जनी उचलायची आहे, पण केव्हा ते ठरवू नका. वाट बघा. बोट कधीतरी उचललं जातं. दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी ‘आता’ हा हुकूम कुठून आला ते बघायचा प्रयत्न करा. बोटातली हालचाल सापडते, दंडातली तयारी सापडते, कधी ‘आता’ हा शब्दही सापडतो. तो देणारा सापडणं अवघड जातं. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये असंच मोजलं होतं: मेंदूतली तयारी हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी दिसत होती आणि ‘उचलावं’ असं वाटल्याची वेळ लोक सांगत होते ती हालचालीच्या ०.२ सेकंद आधीची. यावरून इच्छास्वातंत्र्यच नाही असं जाहीर करणारे घाई करतात. त्या मापांच्या अर्थावर अजून वाद आहेत. तुम्हाला एवढंच घ्यायचंय की ‘मी केलं’ हे वाटणंही तपासता येतं.

विडी वळणाऱ्या बाईकडे कधी नीट पाहा. शेजारणीशी बोलणं चालू, नजर दाराकडे, आणि बोटं तेंदूपानात तंबाखू भरून, वळून, दोरा बांधून मोकळी. तिथे प्रत्येक विडीला ‘मी वळते’ असा हुकूम सुटत नसतो. तुमचं जानवं, बुटाची नाडी, साडीच्या निऱ्या, यातलं काहीही घेऊन हे बघता येईल.

उन्हाळ्यात तर हे आपसूक घडतं. दुपारी देवळाच्या आवारात तापलेल्या दगडावर अनवाणी पाय पडला की पाय आधी उचलला जातो, ‘भाजलं’ नंतर कळतं, ‘मला भाजलं’ त्याच्याही नंतर. पाय मागे घेण्याची प्रतिक्रिया मज्जारज्जूतूनच सुटते. पुढे तीक्ष्ण कळ जलद तंतूंनी लवकर पोचते. मागाहून येणारी भगभग बारीक, आवरण नसलेल्या तंतूंनी येते आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणून ती सेकंदभर रेंगाळून येते. मुद्दाम पाय भाजून घेऊ नका. झालंच तर हे तीन टप्पे टिपा.

चौथा आठवडा: उठल्यावर

चादरीवर जमतंय आणि घरात जमत नाही, अशी तक्रार या टप्प्यावर ठरलेली. म्हणून दिवसातून तीनदा, अर्ध्या मिनिटाची तपासणी.

जेवताना कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी आहेच. जिभेवर जळजळ उठते तेव्हा खरं काही जळत नसतं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या त्याच ग्राहकाला चेतवतं जो एरवी ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेला उघडतो. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे बातमी भाजल्याची, भाजणं मात्र नाही. या जळजळीत ‘जळजळ’, ‘तिखट आहे’, आणि ‘मला झेपत नाही’ हे तीन थर वेगळे करा. तिसरा थर जिभेवर नसतो. तो कुठे जाणवतो? शोधा, पाणी प्यायच्या आधी.

हाक ऐकल्यावर. चौकात कोणी मागून ‘ए, ऐकलं का बे’ म्हणालं आणि वळून पाहिलं तर हाक दुसऱ्यालाच होती. वळण्याआधी छातीत जे टचकन उठलं आणि दुसऱ्याला होती हे कळल्यावर जे विरलं, त्या दोन्हींमध्ये हाक तीच होती.

अपमान झाल्यावर. हे अवघड, म्हणून शेवटी. बँकेच्या रांगेत कोणी पुढे घुसलं की आधी कानाच्या पाळ्या तापतात की पोट आवळतं? बघत बसा म्हणून रांग सोडू नका. ‘जरा मागे या’ हेही म्हणा. संवेदना बघणं आणि आपली बाजू मांडणं यांचं भांडण नाही.

बिघडतं कुठे

सगळ्यांत चिवट बिघाड साक्षीचा. तीन आठवड्यांनी माणूस म्हणू लागतो, ‘संवेदना येतात-जातात, मी फक्त साक्षी.’ ऐकायला बरं वाटतं. पण हा साक्षी बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेला जुना ‘मी’च असतो, धुतलेले कपडे घालून. त्यालाही तेच चार प्रश्न: कुठे, केवढा, कसा, बदलतो का. त्याला सूट नाही.

दुसरा, मुंग्यांची चटक. अंगभर सुखद सळसळ उठली की उद्या तीच हवी असते, आणि नाही आली की बैठक वाया गेली असं वाटतं. ती आली तर टिपा, गेली तर तेही टिपा. जड, ओबड दिवसांच्या नोंदी बहुतेक वेळा जास्त उपयोगाच्या निघतात.

पेंग येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा किंवा उभ्याने करा. श्वास आपोआप ओढून घेतला जात असेल तर श्वासावरचं लक्ष काढून तळपायांकडे न्या.

आणि एक लबाडी. ‘मीच नाही, तर हप्ता कोणाचा?’ संवेदनांमध्ये मालक सापडला नाही म्हणून व्यवहारातला माणूस रद्द होत नाही. सहीला अर्थ आहे, दिलेल्या शब्दाला आहे. बायकोने विचारलं ‘दळण आणलं का?’ तर ‘कोणी आणायचं?’ हे उत्तर नव्हे.

भीती वाटली तर

कड विरताना क्वचित छातीत धस्स होतं, आपण विरघळतोय असं वाटतं. डोळे उघडा. गार पाण्याने तोंड धुवा, अनवाणी चाला, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, काहीतरी खा, कोणाशी तरी रोजच्या विषयावर बोला. त्या दिवशी परत बसू नका. दुसऱ्या दिवशी फक्त पहिल्या आठवड्याचं काम, तेही दहा मिनिटं, डोळे उघडे ठेवून. पण ‘सगळं खोटं वाटतंय’ ही भावना दोन-तीन दिवस टिकली, झोप उडाली किंवा जीव नकोसा वाटला, तर हे सगळं बंद आणि मानसोपचारतज्ज्ञ. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य मिळते.

पुढे कोणाकडे

दोन वाटा आपल्याला जवळच्या आहेत आणि दोघींचे निष्कर्ष जुळत नाहीत. बौद्ध वाट म्हणते: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाचांत आत्मा सापडत नाही. अद्वैताची वाट म्हणते: जे जे सापडतं ते तू नाहीस, म्हणून शोधणाऱ्याकडे वळ. मुंबईत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज दुसऱ्या वाटेचे. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज सोलापूर जिल्ह्यातल्याच पाथरीचे. नवख्याने पहिल्या चार आठवड्यांत यातली बाजू निवडायची गरज नाही. निवडली की तेच दिसायला लागतं.

पाचव्या आठवड्यात २० ची ३० मिनिटं करायला हरकत नाही. त्यापुढे एकट्याने वाढवू नका. संवेदनांवरच सगळा भर असलेलं शिस्तीचं शिक्षण हवं असेल तर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर आहे. मुख्य केंद्र इगतपुरीला. फी नसते, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छेप्रमाणे दान देता येतं. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना, आणि पुढे तासभर न हलता बसण्याच्या बैठका. अर्जात आजार आणि चालू औषधं विचारतात, तिथे लपवाछपवी करू नका. फोन पहिल्याच दिवशी जमा होतो, तेव्हा घरी आणि ऑफिसात आधीच सांगून ठेवा.